त्रागा म्हणजे नेमका कोणाचा राग?

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी,

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. वरच्या मजल्यांवर गुडघ्यांचे पेशंट आहेत, एका घरात बाळंतीण आहे. सोसायटीच्या ग्रुपवर विचारून विचारून थकले, तेव्हा परवा जरा कडक लिहिलं. शिवी नाही, कुणावर आरोप नाही. देखभालीचा करार चालू आहे की संपलाय, एवढाच प्रश्न. त्यावर एका पदाधिकाऱ्यांचं उत्तर आलं, ‘ताईंनी उगाच त्रागा करून घेऊ नये. काम प्रगतिपथावर आहे.’ खाली नमस्काराचे हात.

तो शब्द तेव्हापासून डोक्यात बसलाय. ‘रागावू नका’ म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं. मला राग आला होता, चीड आली होती, अगदी संताप म्हणा, पण त्रागा? तो मी कधी केला?

म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. रागाची एक शिडी असते आणि त्रागा तिच्यावरची वरची पायरी, असं आहे का? की तो रागाचा वेगळाच प्रकार आहे? आणि हा शब्द कोण कुणासाठी वापरतं?

(लिफ्ट दुरुस्तीचे सल्ले नकोत. ते खूप झाले.)

खारीबिस्कीट

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोपर्यंत कुणी त्रागा करू नये.

वरणफळ

पायरी नाही, प्रकार वेगळा. संतापलेला माणूस समोरच्याचं ताट भिरकावतो, त्रागा करणारा स्वतःच्या ताटावरून उठतो.

राग समोरच्यावर असतो, इजा मात्र स्वतःला. उपाशी राहणं, कपाळ बडवून घेणं, ‘मीच मरते म्हणजे सुटाल सगळे’ म्हणणं, भर उन्हात पायी निघून जाणं. आणि यातलं काहीही बंद खोलीत एकट्यानं करत नाहीत. बघणारा लागतो. बघणारा नसेल तर तो त्रागा नाही, नुसतं दुःख.

त्या हिशेबानं तुम्ही त्रागा केलेला नाही. तुम्ही प्रश्न विचारलात.

गोंधळी

वरणफळ, +१. ‘आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन’ ही म्हण त्र्याग्यासाठीच बनलेली दिसते.

अवांतर : त्रागा, त्र्याग्याला, की त्राग्याला?

वरणफळ

त्राग्याला. ‘त्र्याग्याला’ म्हणजे तुम्ही त्यात त्याग मिसळलात.

गोंधळी

त्याग + राग = त्रागा. व्युत्पत्ती सापडली, धागा बंद करा.

अर्धाचंद्र

व्युत्पत्तीची थट्टा बाजूला ठेवू. क्रियापदं बघा, उत्तर तिथेच आहे. राग येतो. चीड येते. संताप होतो. तिडीक उठते. डोक्यात सणक जाते. यात माणूस कर्ता नसतो, राग हाच बाहेरून आल्यासारखा येतो आणि माणसाला धरतो. त्रागा मात्र येत नाही, होत नाही, चढत नाही. तो करावा लागतो. ‘मला त्रागा आला’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे मराठीच्या लेखी त्रागा ही भावना नाही, ती कृती आहे. म्हणून तर ‘करू नये’ असं सांगता येतं.

जाता जाता, मुळात ‘राग’ या शब्दानेच मराठीत कोलांटउडी मारली आहे. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती. गीतेत स्थितप्रज्ञाचं वर्णन ‘वीतरागभयक्रोधः’ असं येतं (२.५६). एकाच समासात राग आणि क्रोध दोन्ही, दोन वेगळ्या गोष्टी म्हणून. मराठी माणूस ते वाचताना अडखळतो, कारण त्याला वाटतं एकच गोष्ट दोनदा का सांगितली.

झेंडूबाम

अर्धाचंद्र, ‘त्याच्या क्रियापदांत उत्तर आहे’ हे छान, पण पूर्ण पटलं नाही. ‘राग राग करणे’ आहेच की. ‘सासू तिचा राग राग करते.’ आणि आमचे डॉक्टर दर भेटीत सांगतात, ‘संताप करून घेऊ नका, बीपी वाढेल.’ तिथे संतापही करूनच घेतलेला असतो.

अर्धाचंद्र

‘राग राग करणे’ म्हणजे तिरस्कार करणे, दुस्वास करणे. तो एका क्षणाचा राग नव्हे, स्थायी धोरण. डॉक्टरांचा मुद्दा मात्र चांगला आहे. ‘करून घेणे’ आलं की शब्द कुठलाही असो, इजा स्वतःकडे वळते. त्राग्याला हे ‘घेणे’ न सांगता चिकटलेलं असतं, संतापाला मुद्दाम चिकटवावं लागतं.

मिरजमळा

आमच्याकडं त्रागा बिगा कोण म्हणत न्हाई. कावतंय, खवळतंय, टकुरं फिरतंय, डोस्कं सणकतंय. एवढ्यात भागतंय सगळं. त्रागा हे पेपरातलं न् पुण्यातलं काम.

आमची आज्जी रागानं जेवली न्हाई की आजोबा म्हणायचे, ‘असूद्या, भाकरी वाचली.’ संध्याकाळी तीच भाकरी आज्जी दुधात कुस्करून खायची आन् आजोबा बघून न बघितल्यासारखं करायचे. ह्येला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

सातवाहन_नगर

पुण्यातलं काम म्हणजे? पुण्यात राग येत नाही. पुण्यात पाटी लिहितात.

पोस्टकार्ड

मी बरीच वर्षं कोलकात्यात आहे. अर्धाचंद्र यांच्या मुद्द्यात भर. बंगालीतही राग म्हणजे रागच, आपल्यासारखा. ओडियातही. गोव्याच्या कोंकणीत तर आहेच. हिंदीवाल्यांना मात्र ‘मला राग आला’ म्हटलं की यमन की भूप असं विचारावंसं वाटतं.

पण बंगालीत त्याहून मजेशीर शब्द आहे, ‘अभिमान’. उच्चार ओभिमान. त्याचा नेहमीचा अर्थ आपला छाती फुगवणारा अभिमान नव्हे. ज्याच्यावर आपला हक्क आहे अशा माणसानं दुखावलं की त्याच्यावर जो मुका, डोळ्यांत पाणी आणणारा राग येतो, तो. परक्यावर अभिमान करता येत नाही. बसच्या कंडक्टरवर राग करा, नवऱ्यावर अभिमान करा. आपला ‘रुसवा’ त्याच्या जवळचा, पण रुसवा थोडा लाडिक आहे. ओभिमानात खरी जखम असते.

त्राग्याला मात्र बंगालीत चपखल शब्द मला अजून मिळालेला नाही.

केळफूल

धागाकर्तीचा शेवटचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. हा शब्द कोण कुणासाठी वापरतं?

आमच्या घरातलं सांगते. आजोबा संतापायचे. बाबांना राग यायचा. काका तापट होते, म्हणजे जणू तो त्यांचा रक्तगट. आणि आई? आई त्रागा करायची. आवाज सगळ्यांचा सारखाच चढायचा. बाबांनी पेपर आपटला की घर चिडीचूप, आम्ही पोरं अभ्यासाला बसायचो आणि आई विचार करायची की आज यांचं काय बिनसलं. आईनं पातेलं आपटलं की ‘झाला हिचा त्रागा सुरू’, आणि टीव्हीचा आवाज वाढायचा.

राग म्हटलं की लोक कारण शोधतात. त्रागा म्हटलं की कारण शोधायची गरजच उरत नाही. त्या पदाधिकाऱ्यांनी तेच केलं. कराराचा प्रश्न राहिला बाजूला, ताईंच्या तब्येतीची काळजी पुढे आली. ‘करून घेऊ नये’ यातला तो कळवळा बघा! ‘काकांनी त्रागा करून घेऊ नये’ असं त्या ग्रुपवर कधी कुणी लिहिलंय का, शेंगताई, जरा शोधून सांगा.

शेवग्याची_शेंग

केळफूल, शोधलं. पार्किंगवरून एक काका अक्षरशः अर्वाच्य बोलले होते. त्यांना उत्तर होतं, ‘साहेबांच्या भावना समजू शकतो.’

केळफूल

बास. अजून काय पाहिजे.

उंटावरचा_शहाणा

हे जरा एकांगी होतंय. त्रागा पुरुषही करतात, आणि चांगला करतात. माझे वडील मनाविरुद्ध काही झालं की घोंगडी घेऊन ओसरीवर झोपायला जायचे. थंडी असो, डास असोत. आई विनवण्या करायची, ते ‘माझी काळजी नको’ म्हणायचे आणि सकाळी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं खोकायचे. हा शुद्ध, आयएसआय मार्क त्रागा आहे. त्याला आमच्याकडे त्रागाच म्हणायचे.

केळफूल

कोण म्हणायचं? त्यांच्या तोंडावर?

उंटावरचा_शहाणा

...आई. आम्हाला. स्वयंपाकघरात. हळू आवाजात.

केळफूल

:)

बडोद्याची_वाट

धागा वाचून राहवलं नाही. मी बडोद्याचा, मराठी घरातला. गुजरातीत हाच शब्द ‘त्रागुं’ असा आहे. रोजच्या बोलण्यात अर्थ साधारण तुमच्यासारखाच, पण त्याच्या मागे जो इतिहास आहे तो फार रक्ताळलेला आहे. इथे कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

काठेवाडात, म्हणजे आजच्या सौराष्ट्रात, गायकवाड आणि पेशव्यांच्या फौजा मुलूखगिरीला जायच्या, संस्थानिकांकडून खंडणी वसूल करायला. संस्थानिक कबूल करायचा की इतकी रक्कम अमुक वेळी देईन. त्या कबुलीला जामीन कोण राहणार? सावकार नव्हे, दुसरा राजाही नव्हे. जामीन राहायचे चारण आणि भाट, म्हणजे राजांच्या वंशावळी सांगणारे, कवनं गाणारे. या लोकांकडे फौज नाही, किल्ला नाही. तरी त्यांची हमी चालायची, कारण त्यांना पवित्र मानत. चारणाचं रक्त ज्याच्यामुळे सांडलं त्याच्या कुळाचं वाटोळं होतं, ही सगळ्यांची पक्की समजूत होती.

दिलेला शब्द मोडला तर जामीन राहिलेला चारण त्या माणसाच्या दारात जाऊन स्वतःच्या अंगावर कट्यार चालवायचा. कधी दंडावर, कधी थेट गळ्यावर. कधी स्वतःऐवजी घरातलं म्हातारं माणूस, कधी पोटचं मूल. जीव जामीनदाराच्या घरचा जायचा, पाप मात्र शब्द मोडणाऱ्याच्या माथी. याचं नाव त्रागा. अलेक्झांडर किन्लॉक फॉर्ब्स यांच्या ‘रासमाळा’ या गुजरातच्या इतिहासावरच्या ग्रंथात (१८५६) हे सगळं आलंय. आणि सौराष्ट्रात गावोगावी जे पाळिये म्हणजे स्मारकशिळा आहेत, त्यांतल्या काहींवर घोड्यावरच्या वीराऐवजी स्वतःच्याच गळ्याला कट्यार लावलेला चारण कोरलेला दिसतो.

१८०७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल वॉकरने काठेवाडातल्या खंडणीचे आकडे कायमचे ठरवून दिले. पुढे इंग्रजांचीच हमी चालू लागली आणि चारणांच्या जामिनकीचं महत्त्व ओसरत गेलं. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशातही ‘त्रागा’ ही नोंद आहे, धरणं धरण्याचा टोकाचा प्रकार म्हणून.

तेव्हा आईनं पातेलं आपटणं ही त्या शब्दाची फार उतरलेली, घरगुती आवृत्ती आहे.

खारीबिस्कीट

बाप रे. मी संध्याकाळी सविस्तर विनोद लिहिणार होतो. राहू दे.

केळफूल

बडोद्याची_वाट, अंगावर काटा आला. पण तुमचं शेवटचं वाक्य मला उलटं वाटतं. ती उतरलेली आवृत्ती नाही, तेच गणित आहे. चारणाकडे फौज नव्हती म्हणून शरीर पणाला लावलं. ज्याच्या हाती दुसऱ्याला इजा करायची सोय आहे तो संतापतो. ज्याच्या हाती फक्त स्वतःचा देह आहे तो त्रागा करतो. आजोबांना उपाशी झोपायची गरज काय होती? त्यांनी नुसतं ‘आज जेवण नको’ म्हटलं तरी घर हलायचं.

बडोद्याची_वाट

हे असं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण एक फरक आहे. चारणाचा त्रागा रागाच्या भरात झालेला नसायचा. ते त्याचं कामच होतं, करारातलं कलम म्हणा. त्याला राग आला असेल-नसेल, त्रागा करावाच लागायचा. नाही केला तर त्याच्या सगळ्या जातीची पत जायची.

काळा_कोट_पांढरा_बँड

वकील म्हणून इथे एक कागद सरकवतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०८ वाचा. एखाद्याला ‘तू अमुक केलं नाहीस तर तुझ्यावर देवाची अवकृपा होईल’ असं भासवून त्याच्याकडून काही करवून घेणं हा गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

गंमत त्यातल्या उदाहरणांची. पहिलं उदाहरण : क्ष हा य च्या दारात धरणं धरून बसतो, त्यामुळे य वर देवाचा कोप होईल असं वाटावं म्हणून. दुसरं : क्ष धमकी देतो की य ने अमुक गोष्ट केली नाही तर मी माझ्याच मुलाला मारीन, अशा परिस्थितीत की त्या हत्येचं पाप य ला लागेल असं लोक मानतील. शब्द वापरलेला नाही, पण हा बडोदेकरांनी सांगितलेला त्रागाच आहे. कॉलेजात हे उदाहरण वाचताना आम्हाला ते कुणाच्या तरी विकृत डोक्यातून निघालंय असं वाटायचं.

नव्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हे कलम ३५४ झालंय.

गोंधळी

म्हणजे शेंगताईंनी लिफ्टसमोर धरणं धरलं तर एक वर्ष?

काळा_कोट_पांढरा_बँड

देवाचं नाव घेतलं तर. नुसतं बसल्या तर नाही. फी नंतर सांगतो.

जुनी_मोडी

धरण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर सगळा त्रागा गुजरातच्या खात्यावर जाईल.

पेशवाईत येणं वसूल करायची एक सर्रास पद्धत होती, तकाजा. आपण आज ‘तगादा लावला’ म्हणतो तोच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात याचं वर्णन आहे. साध्या मागे लागण्यापासून सुरुवात, मग कर्जदाराच्या दारात माणूस बसवणं, त्याला जेवू न देणं, आणि शेवटी डोक्यावर दगड देऊन उन्हात एका पायावर उभं करणं. इथपर्यंत सगळ्याला एकच शब्द. तो पुन्हा संतापाचा रस्ता, इजा समोरच्याला.

धरणं मात्र वेगळं. तिथे बसणारा स्वतःही उपाशी. आणि तो उपाशी असेतो घरधन्यानं जेवायचं नाही, अशी रीत. पगार थकलेले शिपाई आपल्याच सरदाराविरुद्ध धरणं धरायचे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची १८०९ ची पत्रं आहेत, त्यांत अशी धरणी येतात. कल्पना करा, हातात तलवार-बंदूक असलेली माणसं ती बाजूला ठेवून उपाशी बसताहेत.

उंटावरचा_शहाणा

केळफूल, हे तुमच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जातं. शिपायांकडे हत्यारं होती की.

केळफूल

हत्यारं होती, पण धन्यावर उगारली तर नोकरीही जाणार आणि थकबाकीही. आईच्या हातात पण लाटणं असायचं.

मिरजमळा

लाटणं मोजलं तर आमच्या आज्जीकडं तोफखाना व्हता.

पारिजात_७

कैकेयी विसरलात सगळे. कोपभवनात जाऊन दागिने फेकून जमिनीवर लोळण. वाल्मीकींनी त्या जागेला क्रोधागार म्हटलंय. आणि ती दशरथाला सरळ सांगते की रामाला अभिषेक झाला तर तुझ्यासमोर विष पिऊन मरेन. हा त्रागाच. आणि केवढा यशस्वी!

अर्धाचंद्र

असहमत. तिच्याकडे दोन वर होते, म्हणजे लेखी नसले तरी पक्कं येणं होतं. ती वसुली करत होती. त्रागा हतबल माणूस करतो.

पारिजात_७

चारणही वसुलीच करत होता ना? तुम्हीच लोक वर लिहून राहिलात.

अर्धाचंद्र

मुद्दा आहे.

तुळशीमाळ

ताटीचे अभंग आठवले. लोकांनी दुखावलं म्हणून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी मुक्ताई बाहेरून विनवते आहे, ‘विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी’. स्वतःला कोंडून घेणं हा त्रागा म्हणायचा का? मला उत्तर नकोय, फक्त विचारून ठेवते. ओळीतला ‘राग’ मात्र आजच्याच अर्थाचा आहे.

उंटावरचा_शहाणा

माउलींच्या बाबतीत हा शब्द वापरू नये असं वाटतं. तो विषाद होता.

केळफूल

बघा, ज्याला आपण मान देतो त्याचा विषाद, आणि आईचा त्रागा. :)

उंटावरचा_शहाणा

तुम्ही ना, एकच तार छेडून बसला आहात.

केळफूल

ती तार दुसरं कुणी छेडत नाही म्हणून.

डाव्या_डोळ्याचा

मग उपोषण हा त्रागाच की! १९३२ चं येरवड्यातलं उपोषण घ्या. गांधीजी काठेवाडचेच, हे लहानपणापासून बघितलेलं असणार. दलितांना वेगळे मतदारसंघ देणाऱ्या जातीय निवाड्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण, सगळा देश वेठीला, आणि २४ सप्टेंबरला बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. ज्याच्या जिवाची किंमत जास्त त्याचा त्रागा मोठा.

सूतकताई

सरसकट नको. गांधीजींनी स्वतः सत्याग्रह आणि दुराग्रह यांत फरक केला होता. आधी जाहीर करून, कारण सांगून, चर्चेला दार उघडं ठेवून केलेलं उपोषण आणि ताटावरून उठणं एक कसं?

डाव्या_डोळ्याचा

ज्याला सही करावी लागते त्याला दोन्ही सारखंच वाटतं.

धागा_राखणदार

इथून पुढे १९३२ साठी वेगळा धागा काढावा. इथे रागाच्या शब्दांवर बोलू. संबंधित पाच प्रतिसाद हलवले आहेत.

डाव्या_डोळ्याचा

धागाकाठी भेटू.

बातमीची_कात्री

वर्तमानपत्रात होते, उपसंपादक. केळफूल यांचा मुद्दा मथळ्यांतही दिसतो. नागरिक संताप व्यक्त करतात, शेतकऱ्यांत रोष असतो, जमाव संतप्त असतो, विरोधक आगपाखड करतात. त्रागा कोण करतं? ज्याचं तिकीट कापलं गेलं तो. निवडणूक हरलेला. मंत्रिपद हुकलेला. त्रागा लिहिलं की वाचकाला कळतं, याचं आता काही चालत नाही. एकदा एका बातमीत प्रवाशांच्या रागाला ‘त्रागा’ म्हटलं होतं, तर वरिष्ठांनी खोडून ‘संताप’ केलं होतं. म्हणाले, प्रवासी बरोबर आहेत ना, मग त्रागा कसा?

हा शब्द रागाबद्दल कमी आणि रागाच्या निकालाबद्दल जास्त सांगतो.

शेवग्याची_शेंग

कात्रीताई, हे वाक्य मी सोसायटीच्या फलकावर लावू का?

ऐकणारी

मी समुपदेशनाचं काम करते. जरा गंभीर लिहिते.

वर वरणफळ यांनी ‘मीच मरते म्हणजे सुटाल’ हे त्राग्याचं उदाहरण दिलंय. घरोघरी ते तसंच ऐकलं जातं. ‘बोलते नुसती, त्रागा आहे तिचा’ हे वाक्य मी ज्या घरांतून ऐकते तिथे कधीकधी उशीर झालेला असतो. जी व्यक्ती असं बोलते ती खरंच करणार नाही, ही समजूत चुकीची आहे. बोलणं हा बऱ्याचदा आधी मिळालेला इशारा असतो. दबाव आणण्यासाठी बोलली असेल तरीही तिला दबावाचा दुसरा मार्ग सापडला नाही, एवढं तर खरंच ना?

‘तुझ्या मनात खरंच तसं येतं का?’ असं शांतपणे थेट विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

बाकी धागा सुंदर चाललाय. चालू ठेवा.

वरणफळ

ऐकणारी, आभार. ते उदाहरण मी फार सहज लिहून गेलो होतो. तुमचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवता येईल का, राखणदार?

धागा_राखणदार

ठेवला.

शेवग्याची_शेंग

सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. ग्रुपवर उत्तर द्यायचंय. मसुदा सुचवा.

गोंधळी

‘त्रागा करण्यासाठी प्रथम मला तुमच्या दारात यावं लागेल, आणि लिफ्ट बंद आहे.’

काळा_कोट_पांढरा_बँड

भावना राहू द्यात. ‘देखभाल कराराची प्रत आणि मुदत लेखी कळवावी. सात दिवसांत उत्तर अपेक्षित.’ बस. यात त्रागा शोधून दाखवा म्हणावं.

केळफूल

आणि खाली नमस्काराचे हात टाकू नका!

शेवग्याची_शेंग

वकीलसाहेबांचं पाठवलं. गोंधळींचं पाठवायचा मोह आवरला. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

सावंतवाडीची_सून

उशिरा आले, पण ‘डोक्यात राख घालणे’ कुणी काढलं नाही? आमच्या सासूबाईंचा आवडता वाक्प्रचार. ‘डोक्यात राख घालून गेलो तो मुंबयक.’ तोही स्वतःच्याच डोक्यात घालतात, समोरच्याच्या नव्हे. मला तर त्राग्याचा सख्खा भाऊ वाटतो.

अर्धाचंद्र

सख्खा नाही, चुलत. राख फासून गोसावी होणं, घरदार सोडणं, असा त्याचा रोख असावा असं मला वाटतं. त्राग्यात माणूस दारातच बसून राहतो, इथे निघून जातो. एकाला उत्तर हवं असतं, दुसऱ्याला ते नकोसं झालेलं असतं.

सावंतवाडीची_सून

तो गेला खरा. पण चतुर्थीला दर वर्षी येतो आणि जेवणात मीठ कमी आहे म्हणून पुन्हा तीच राख घालतो. सासूबाई आता आधीच पिशवी भरून ठेवतात त्याची.

मिरजमळा

मीठ जास्त घालून बघा यंदा.